अस्वलाला सूट आहे

बसस्थानकावरच्या घोषणाबाईंचा चेहरा बावीस वर्षांत तिथल्या एकाही प्रवाशाने पाहिला नव्हता, आणि त्यावाचून कोणाची गाडी चुकल्याचीही नोंद नाही. घोषणा कक्ष जिन्याखाली होता. त्याला खिडकी एकच, आणि तिची काच आतून निळ्या रंगाने रंगवलेली, कारण पूर्वीच्या कुठल्याशा साहेबाला ऊन सोसत नसे. आत टेबल, मायक्रोफोन, कुरकुरणारा पंखा आणि बाई. बाई नकाब घालत. डोळे तेवढे उघडे, आणि कान तर त्याहून उघडे.

खरं काम कानाचंच होतं. दार बोटभर किलकिलं ठेवून बाई इंजिनाचा आवाज ऐकत. सतरा नंबर चढावर खोकल्यासारखा आवाज करी, चाळीसचा ब्रेक किंचाळे, नऊची मागची फळी खडखडे. टेबलावर वेळापत्रक चिकटवलेलं होतं, पण बाई त्याच्यावर विसंबत नसत. वेळापत्रक ही प्रशासनाची इच्छा आणि गाडी ही वस्तुस्थिती, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. गाडी ऐकू आली की नखाने माईकवर दोनदा टकटक करायची आणि म्हणायचं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." त्या टकटकीला अख्खं स्थानक पिशव्या उचलायचं.

नोकरी अनुकंपा तत्त्वावर मिळालेली. नवरा याच आगारात वाहक होता. तो गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. मोठ्या दिरांनी चौथ्या दिवशी जाहीर केलं, "आमच्या घरातली बाई स्टँडवर बसणार नाही." बाई विसाव्या दिवशी स्टँडवर बसल्या. दीर आठ महिने बोलले नाहीत. ते आठ महिने फार शांततेत गेले, असं बाई पुढे सांगत.

नकाबही दिरांचाच. म्हणजे लग्नानंतर त्यांनी आणि सासूने मिळून तो घालायला लावला, आणि पहिली दोन वर्षं बाईंनी त्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. मग तो अंगवळणी पडला आणि हळूहळू त्यांचा झाला. पुढे दिरांच्या मुलाच्या लग्नात फोटोग्राफर आला, तेव्हा पाहुणे पुढारलेले म्हणून दीरच म्हणाले, "आज फोटोपुरता काढ." बाई म्हणाल्या, "घालायचा तुम्ही सांगितलात. काढायचा मी ठरवीन." त्या फोटोत सगळे हसताहेत, बाईही हसताहेत. फक्त ते दिसत नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना सरकारला बाईंची काळजी वाटू लागली.

कायदा झाला. सोमवारपासून सरकारी आवारात चेहरा झाकायला बंदी. परिपत्रक चार पानी होतं. पहिल्या पानावर स्त्रियांची मुक्तता होती, दुसऱ्यावर दंड, तिसऱ्यावर अपवाद आणि चौथ्यावर सह्या. अपवाद असे: वैद्यकीय कारण, कडाक्याची थंडी, क्रीडा, तसेच मनोरंजन व जनजागृती.

जनजागृती त्या वेळी फलाटावर हिंडतच होती. प्रवासी सुरक्षा पंधरवडा असल्याने प्रशासनाने एका माणसाला अस्वलाचा वेष देऊन 'धावत्या बसमध्ये चढू नका' अशी पाटी गळ्यात घातली होती. अस्वलाच्या डोळ्यांची भोकं बाईंच्या नकाबाच्या फटीपेक्षा लहान होती. चहा प्यायला तो घोषणा कक्षात यायचा आणि डोकं काढून टेबलावर ठेवायचा.

"ताई, तुम्हीच घ्या हे डोकं," शुक्रवारी तो घाम पुसत म्हणाला. "आत कोण आहे कोणी बघत नाही. मला अजून एकानेही ओळखपत्र मागितलेलं नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातात नियंत्रकसाहेबांची चिठ्ठी होती, तातडीने भेटण्याची.

नियंत्रकसाहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना कोणाचंच वाईट करायचं नसे, म्हणून ते वरून आलेला कागद खाली देत.

"बाई, सोमवारपासून नकाबात ड्यूटी नाही. मनाला लावून घेऊ नका. कायदा काही माझा नाही."

"मग कोणाचा?"

"लोकांचा. जनतेला समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे."

"साहेब, जनतेला माझी खिडकीसुद्धा दिसत नाही."

"तत्त्वाचा प्रश्न आहे हो. आणि हे सगळं तुमच्याच भल्यासाठी आहे. घरच्यांच्या दबावातून तुमची सुटका व्हावी म्हणून."

"आणि त्यासाठी मला घरी पाठवताय."

साहेबांनी पेपरवेट डावीकडून उजवीकडे ठेवला. "काढलात तर प्रश्नच मिटतो."

"मी काढीन की ठेवीन, ते बघेन. पण तुम्ही सांगितलंत म्हणून काढायचा असता, तर दिरांनी सांगितलं तेव्हाच काढला असता."

साहेबांना हे कळलं नाही. त्यांनी दुसरा मुद्दा काढला. गेल्या वर्षी बाईंच्या आवाजात एक ते शंभर आकडे, सगळी गावं, 'येत आहे', 'सुटत आहे' असं ध्वनिमुद्रण करून घेतलं होतं. सोमवारपासून यंत्र त्या तुकड्यांची घोषणा बनवणार होतं. आवाजाला चेहरा नसतो, त्यामुळे आवाज कायद्यात बसत होता. अडचण एका वाक्याची होती.

"स्थानकाच्या आवारात चेहरा झाकणे दंडनीय आहे," साहेबांनी कागद पुढे सरकवला. "यातला 'चेहरा' आपल्याकडे नाही. 'झाकणे' नाही. 'दंडनीय' नाही. एवढं एक बोलून जा. लोकांना तुमचा आवाज ओळखीचा आहे, ऐकतील."

बाईंनी कागद दोनदा वाचला. बावीस वर्षांत हातात आलेली एकही चिठ्ठी त्यांनी न वाचता परत केली नव्हती. त्यांचे डोळे लाल झाले होते. साहेबांना वाटलं, रडताहेत. समोरच्याचा चेहरा दिसणं किती गरजेचं असतं ते असं: त्यावरचा राग दिसला असता, तर साहेब दोन पावलं मागे सरले असते.

"हे तुम्हीच वाचा, साहेब," बाई म्हणाल्या. "तोंड तुमचं उघडं आहे."

वाक्य शेवटी साहेबांनीच मुद्रित केलं. शेवटी ते "झालं का?" असं म्हणाले, तेही त्यात राहिलं. पुढे दर अर्ध्या तासाने अख्खं स्थानक ते ऐकत असे.

घरी दीर येऊन बसले होते. कधी नव्हे ते खुशीत होते.

"बावीस वर्षं मी हेच सांगतोय, घरी बस. सरकारला पटलं, तुला पटेना."

"तुमचं आणि सरकारचं आधी ठरलं होतं की आयत्या वेळी जमलं?" बाईंनी पाण्याचा पेला इतक्या जोरात ठेवला की निम्मं पाणी दिरांच्या मांडीवर गेलं. दीर निघून गेल्यावर मुलगी दारात उभी राहिली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि केसही झाकत नसे.

"आई, काढून टाक ना. मी कुठे घालते?"

"तू घालत नाहीस, त्यावर मी कधी एक शब्द काढला?"

"नाही."

"मग?"

मुलगी दारातून आत आली. तिला आईचा राग ओळखीचा होता, पण इतका मोठा तिने पाहिला नव्हता. तिने विचारलं, "मग सोमवारी काय करणार?"

"ड्यूटीला जाणार."

सोमवारी सकाळी सातला बाई फाटकाच्या बाहेर पदपथावर जाऊन उभ्या राहिल्या. आवार लोखंडी कठड्याला संपत होतं, आणि बाई कठड्याच्या बाहेर एक वीत. आतून त्यांचाच आवाज आला, "क्रमांक सतरा, फलाट तीनवर येत आहे." माणसं पिशव्या उचलून धावली. पण सतरा आली नव्हती. यंत्र वेळापत्रक वाचत होतं, त्याला कान नव्हते.

बाईंनी नखाने कठड्यावर दोनदा टकटक केलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सतरा अजून नाक्यावरसुद्धा नाही. पळू नका. नऊ आली आहे, फलाट एक."

नऊ खडखडत वळली. फाटकाशी उभी असलेली एक म्हातारी भोंग्याकडे बघे, मग बाईंकडे बघे. "अगंबाई! म्हणजे ती तू?"

दहा वाजेपर्यंत पदपथावर फलाटापेक्षा जास्त गर्दी झाली. अस्वल आतून कठड्याला टेकून उभं होतं आणि पाटीने वारा घेत होतं. मग नियंत्रकसाहेब धावत आले.

"बाई, हे असं करता येणार नाही!"

"कलम दाखवा. हा रस्ता आहे."

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने दीर आले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "रस्त्यावर उभी राहून ओरडतेस? लाज आहे का?"

"घरी जा, बाई," साहेब म्हणाले.

"घरी चल," दीर म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ओळख नसताना इतकं एकमत क्वचितच होतं. बाईंनी मान तिरकी केली. चढावरून खोकल्यासारखा आवाज येत होता.

टक, टक.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," बाई म्हणाल्या, आणि आवाज पार फलाट तीनपर्यंत गेला. "सतरा येत आहे. साहेब, बाजूला व्हा. भाऊजी, तुम्हीसुद्धा. गाडीच्या वाटेत उभे आहात."