कुसुमअक्का आणि नागपूरची सुई

कुसुमअक्का गेली, हे मला भर वर्गात कळलं. सातवीला क्षेत्रफळ शिकवत होते, तेवढ्यात आमचे हे खिडकीशी आले आणि म्हणाले, "अक्का बाजारात बसली, ती उठलीच नाही." फळा पुसला, पोरांना सोडलं आणि निघाले. त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे सांगतात, ती फार सोशिक होती. सोशिक? वांकिडीच्या बाजारात तिचा आवाज ऐकला की भाजीवाले आधीच भाव उतरवायचे. मला ती आठवते ती सत्त्याऐंशी सालच्या त्या धामधुमीसकट.

अक्का माझी थोरली नणंद. सासर गावातच, घर आमच्या घराला लागून, मधे एक भिंत. तिचा बंडू तेव्हा नऊ वर्षांचा. जन्मापासून मंदबुद्धी, बोलणं मोजकं, हसणं भरपूर. आणि मी, दोनदा गर्भपात झाल्यावर, छत्तिसाव्या वर्षी पुन्हा गरोदर. चंद्रपूरला पोटातलं बाळ पडद्यावर दाखवणारं यंत्र आलंय, हे कळल्यावर माझ्याआधी अक्काच नाचायला लागली. "दवाखान्यात सिनेमा, शालू! आन् हिरो आपल्या घरचा!"

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भरपूर पाणी पिऊन, लघवी न करता यायला सांगितलं होतं. अक्कानं ते वांकिडीच्या स्टँडवरच सुरू केलं. बस थांबली की तांब्या माझ्यापुढे. आणि मला सोबत म्हणून स्वतःही प्यायली. राजुरा येईपर्यंत आम्ही एकमेकींकडे बघणंच सोडलं होतं... हसू फुटलं असतं तर संपलंच होतं. "शालू, तुले धरून ठेवाच लागते. मी काऊन धरून राह्यली वं?" असं म्हणत ती उतरली आणि धावता धावता ड्रायव्हरला ओरडली, "गाडी हालवू नोको रे बाबू, हालवशीन त पाह्य!"

पडद्यावर आधी नुसतं राखाडी धुकं, मग त्या धुक्यात एक लाथ. अक्का किंचाळलीच. डॉक्टरीणबाईही हसल्या. मग त्यांनी माझं वय विचारलं, घरात कुणी मंदबुद्धी मूल आहे का, ते विचारलं. मी नुसतं वय सांगितलं. अक्का म्हणाली, "हाये. माहाच हाये." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी समजावलं, की नागपूरला पोटात सुई घालून आतलं पाणी काढतात आणि बाळ तसं आहे का ते तपासतात. त्या सुईनं क्वचित गर्भ पडतोही. काय ते आठवड्यात ठरवा.

घरी सासूबाईंचं वेगळंच. "सुई टोचूनच राह्यले त पोरगं का पोरगी, तेबी इचारून घ्या."

अक्का कडाडली, "माय, तुले आमी तिघी पोरी झालो. एकीले तरी वापस केलं का?" सासूबाई चूल फुंकायला लागल्या.

सुईचं मात्र मला ठरवता येईना. गेलेली दोन मनात होती, आणि बंडू समोर ओसरीवर होता. त्याच्या आईपाशी हा विषय काढायचा कसा? तिनंच काढला, कपडे वाळत घालता घालता. "मले वाईट वाटन म्हणून चूप हायेस का? मी असती त केली असती तपासणी. बंडू झाला तवा काईच ठाऊक नव्हतं. दोन वर्सं देवऋषी करत फिरली मी."

"आणि ठेवला असता?"

"तवा काय केलं असतं, ते आता कशी सांगू? आता त बंडू हाये." चिमटा लावून ती माझ्याकडे वळली. "तू तुहं पाह्य. तसं निघालं त ठेवशीन का नाई? नाई म्हणशीन तरी मी तोंड उघडणार नाई. पण ठेवणारच असशीन, त सुई कायले?"

संध्याकाळी आम्ही नवराबायको बोललो आणि ठरवलं. रक्त, लघवी, बीपी, पडद्यावर बघणं, सगळं करायचं, सुई नाही. ठरलं आणि मला अशी काही भूक लागली, की टोपलीतल्या भाकरी संपल्या! अक्काला सांगितलं, तर ती "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन आली.

आमच्याकडे घरात पोटुशी बाई असताना भिंतीला खिळासुद्धा ठोकत नाहीत. हिनं दोन घरांमधली भिंत फोडायला काढली! सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "पोटुशी घरात, आन् घण मारून राह्यली?"

"मंग कवा मारू, लेकरू आल्यावर? बंडूसारखं झालं त शालू शाळेत कशी जाईन? दोघं एका ओसरीवर वाढतीन. नाई झालं त मीठ-साखर मागाले दार कामी येईन!"

घणामागून घण पडत होते, पोटात लाथा बसत होत्या, आणि मी गवंड्याला चहा देत होते. इतकी मजा त्या महिन्यांत मला कधीच आली नव्हती.

मुलगी झाली. ठणठणीत, आवाज थेट आत्याचा. आता दार बुजवायचं का, असं विचारायला गवंडी आला, त्याला अक्कानं हाकलून दिलं.

हल्ली सकाळी चहाचं आधण ठेवलं की बंडू त्या दारातून येतो. दाढीमिशीवाला गडी, पण वाकून येतो. कारण अक्कानं दार स्वतःच्या उंचीचं पाडून घेतलेलं, आणि ती होती बुटकी. परवा मी म्हटलं, वरच्या विटा काढून घेऊ. बंडू चौकट धरून उभा राहिला. "नोको." बरं, राहू दे. तो वाकतो, आमचे हे वाकतात, मीही वाकते. दहा वर्षांची पोरगी तेवढी अजून ताठ मानेनं, धावत, ओरडत जाते...