डोक्याला पट्टी बांधलेली मुलगी

लातूरला एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी लिपिक होते. आमचे अधीक्षक सकाळी आल्याबरोबर कॉम्प्युटर उघडायचे आणि आलेली प्रत्येक ईमेल आम्हा चौदा जणांना पुढे पाठवायचे. कधी दृष्टी जाणारी बहीण, कधी हृदयाला छिद्र असलेलं बाळ. खाली ठरलेलं वाक्य: ही मेल पुढे पाठवा, प्रत्येक मेलमागे एक मोठी कंपनी उपचाराला पैसे देईल. पाठवून झालं की साहेब चहा मागवायचे. दिवसभराचं पुण्य आटोपलेलं असायचं. एखाद्या शिपायाची विधवा पेन्शनच्या कागदासाठी दारात उभी असली, तर तिला मात्र "सोमवारी या".

एकदा अशाच मेलमध्ये एक फोटो आला. सात-आठ वर्षांची मुलगी, डोक्याला जाड पट्टी, एक डोळा सुजलेला. मेंदूत गाठ, वडील कंगाल, हातात तीन महिने. मी बघतच राहिले. ही मुदखेडला माझ्या माहेरासमोर राहणाऱ्या शिंप्याची धाकटी मुलगी होती. जत्रेत पाळण्यावरून पडली, टाके पडले. तिच्या मामानं तो फोटो कौतुकानं इंटरनेटवर टाकला होता. त्यालाही नऊ वर्षं झाली होती. मुलगी आता लातुरातच अकरावीला होती, हॉस्टेलवर राहायची आणि रविवारी माझ्याकडे जेवायला यायची.

मी साहेबांना म्हणाले, "साहेब, ही पोरगी ठणठणीत आहे. मी ओळखते हिला."

साहेबांनी चष्मा वर केला. "मग चांगलंच झालं की. एवढ्या लोकांनी पाठवलं, गुण आला."

"तिला आजारच नव्हता."

"पाठवल्यानं आपलं काय जातंय, मॅडम?"

दुपारी त्यांची दुसरी मेल आली. विषय: प्रार्थनेचं यश. तोच फोटो, आणि खाली मुलगी बरी झाल्याचं आमच्या मॅडमनी खात्रीनं सांगितलंय, असं. बहुतेकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एकानं लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरची बाई चक्कर येऊन पडली होती, तेव्हा हाच माणूस फाईल चाळत बसला होता. मीही काही वेगळी नव्हते. साहेबांना वाईट वाटू नये म्हणून असल्या कितीतरी मेल मी न वाचता पुढे ढकलल्या होत्या.

रविवारी मुलीला हे सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"मावशी, ताईचं हिमायतनगरला जमलं होतं. त्या लोकायला कुणीतरी हाच मेल दाखवला. घरात असला आजार हाय अन् तुम्ही लपवून ठेवला, म्हणाले. मोडलं. बाबा लई दिवस दुकानात गेले न्हाईत."

घरच्यांनी हे आम्हा शेजाऱ्यांनाही कळू दिलं नव्हतं.

सोमवारी ती क्लास बुडवून कार्यालयात आली. साहेबांनी खुर्ची दिली, मायेनं विचारलं, "बाळ, आता डोकं दुखतं का?"

"न्हाई काका. माझ्याबद्दल तुम्ही पाठवलं ते खोटं हाय, तेवढं सगळ्यांना लिहून पाठवा."

"अगं, चांगल्या भावनेनं केलंय."

"त्याच मेलनं माझ्या ताईचं लग्न मोडलं."

साहेबांनी समोरची फाईल ओढून घेतली. म्हणाले, "बघू. आज कामाचा लोड आहे."

मुलगी उठली नाही. "मी लिहिते. तुम्ही फक्त पाठवा."

तिनं तिथंच बसून चार ओळी टाइप केल्या. ती मुलगी मीच. मला गाठ कधीच नव्हती. पाळण्यावरून पडले होते. माझा फोटो पुढे पाठवू नका. सगळं कार्यालय माना वर करून बघत होतं, म्हणून साहेबांनी बटण दाबलं.

त्या मेलला कुणाचंही उत्तर आलं नाही. हात जोडलेलं एक चित्रसुद्धा नाही.

पुढे वर्षभरानं ताईचं नांदेडला लग्न ठरलं. या वेळी शिंप्यानं मेलची गोष्ट स्वतःच आधी सांगून टाकली. होणाऱ्या सासऱ्यांनी धाकटीला समोर बसवून सगळं ऐकून घेतलं आणि तारीख काढायला सांगितली.

साहेब निवृत्त होईपर्यंत मेल पाठवतच राहिले. यादीतून माझा पत्ता तेवढा त्यांनी काढून टाकला. मी तक्रार केली नाही.