बोट आवरताना

माझा धाकटा भाऊ वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर आहे. वडील गेले आणि त्याचं पिणं वाढलं. कामावर खाडा नाही, घरात आरडाओरडा नाही. पण संध्याकाळी कल्याणला उतरला की पाय स्टेशनबाहेरच्या बारकडे वळायचे. "ह्याचा मनावर ताबाच नाही," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तो ऐकून घ्यायचा.

मग तो आपणहून ठाण्यातल्या एका डॉक्टरबाईंकडे जायला लागला. दारू पिणाऱ्यांचा मेंदू स्वतःला आवरताना कसा चालतो, हे त्या तपासत होत्या. तुलनेला न पिणारं माणूस हवं होतं, म्हणून मीही गेले.

लेथवरचा माणूस म्हणून आधी त्याच्या डोळ्यांचा एक्स-रे झाला. डोळ्यात लोखंडाचा बारीक कीस राहिला असेल, तर एमआरआय करत नाहीत; त्यातलं चुंबक तो ओढतं. त्याचे डोळे साफ निघाले.

मग दोघांना आळीपाळीनं त्या मशिनच्या आत झोपवून हातात बटण दिलं. हिरवा ठिपका दिसला की दाबायचं, लाल दिसला की नाही. पण हिरवे असे भराभर यायचे, की लाल कळेपर्यंत बोट दाबून मोकळं झालेलं असायचं. मी बाहेर आले ती वैतागूनच.

काही आठवड्यांनी बाईंनी आम्हाला बोलावलं. दोघांच्या चुका जवळपास सारख्याच होत्या.

"म्हणजे ताबा आहे की त्याला," मी म्हटलं.

"आहे. पण तेवढ्यासाठी त्याचा मेंदू तुमच्यापेक्षा जास्त राबलेला दिसतो. हे पिण्यामुळे झालं की आधीपासून होतं, ते एवढ्यावरून नाही सांगता येत."

रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "ताई, दिवसभर मशिनवर डोकं लावायचं आणि वर त्या बारसमोर स्वतःला ओढत बसायचं? त्या रस्त्यानं जायलाच नको."

तेव्हापासून तो डोंबिवलीला उतरतो, माझ्याकडे चहा घेतो आणि बसनं घरी जातो. मधे एका चुलतभावाच्या हळदीला रात्री बाटल्या निघाल्या, तेव्हा प्यायला. दुसऱ्या दिवशी मी न विचारताच म्हणाला, "काल झाली गं."

"बरं. पोहे खाणार?"

"खातो."

आता तो हळदीला जात नाही. लग्नाला मात्र सकाळीच हजर असतो, वाढायला उभा राहतो आणि जेवून निघतो.