आईच्या केसपेपरवरची दारू

अन्याय झाला तो माझ्या आईवर. जूचंद्रच्या मिठागरावरची मजूर. साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, मे महिना, सोमवार, सकाळी अकरा. मुंबईतलं एक मोठं सरकारी इस्पितळ.

डॉक्टरने सोनोग्राफीची फिल्म उजेडात धरली. भोवती सात-आठ शिकाऊ डॉक्टर. आईचं पोट पाण्याने फुगलेलं, पदर बाजूला केलेला.

"किती पिते रोज?"

आईने पदर पोटावर ओढला.

"मिठागरवाली ना? मग लाजतेस काय? देशी की ताडी?"

शिकाऊ पोरं हसली. आई खाली बघत म्हणाली, "थोरी."

झालं. केसपेपरवर लिहिलं गेलं: लिव्हरचा कॅन्सर, दारू. कावीळ-बीसाठी, म्हणजे हिपॅटायटिस-बीसाठी, रक्त तपासायला हवं होतं. तपासलं नाही. उत्तर मिळालं होतं ना!

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "तू कवा बघलंस गो मला पिताना? नाय म्हटला असता तं साहेब चिडला असता. मंग औषध कोन देनार?"

मी तोंड फिरवलं. एकोणीस वर्षांची होते, घरातली पहिली कॉलेजात गेलेली. माझा विश्वास डॉक्टरवर होता. आईवर नव्हता. घरी ती जरा आडवी झाली तशी मी डबे उघडून हुंगले. रॉकेलची बाटली हुंगली. तिचा पदरसुद्धा हुंगला. कुठेच काही नाही. तरी संशय गेला नाही. लपवत असेल, वाटलं. चार महिन्यांत ती गेली. मयताला आलेल्या बायका कुजबुजल्या, आणि मी त्यांना गप्प केलं नाही. हे लिहिलंच पाहिजे. नुसत्या डॉक्टरला शिव्या घालून मी सुटत नाही.

दोन वर्षांनी कॉलेजात रक्तदान केलं. रक्तपेढीने बोलावून घेतलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुझ्या रक्तात कावीळ-बीचा विषाणू आहे. वर्षानुवर्षं गप्प बसतो तो, काही कळत नाही. पण काही जणांना त्यातूनच लिव्हरचा कॅन्सर होतो. बाळंतपणात आईकडून मुलाला जातो. तुझी आई आहे?"

"दारू न पिता होतो कॅन्सर?"

"थेंबही न घेता."

आईला हेच होतं का? आता कोणीच सांगू शकत नाही. इस्पितळातल्या त्या डॉक्टरने तेवढं कळायचीही सोय ठेवली नाही.

थोरली बहीण चिंचोटीला दिलेली. तिला सातवा महिना. तिला ओढत तपासणीला नेलं. तिच्याही रक्तात तेच.

कळा सुरू झाल्या तेव्हा तिला घेऊन एका सूतिकागृहात गेलो. म्हटलं, आईचं बाळाला जाऊ नये म्हणून जन्मल्या जन्मल्या कावीळ-बीची लस हवी. सिस्टर हसली. "ही लस बिल्डिंगवाल्यांची गं. तुमच्यातली पोरं वाढतात तशीच."

डॉक्टर फॉर्म भरत होता. "आई कशाने वारली?"

ताई कळा दाबत, सवयीने म्हणाली, "दारू..."

"नाही," मी म्हटलं. "लिहा, तपासलंच नाही."

"मला शिकवतेस?"

"हो. आणि हा ताईचा रिपोर्ट आधी वाचा. लस टोचल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

त्याने वाचला. दोनदा वाचला. मग सिस्टरला लस मागवायला सांगितलं, माझ्याकडे न बघता. मुलगी झाली. तासाभरात तिला लस टोचली. मी समोर उभी राहून बघितली, बाटलीवरचं नाव वाचून.

आता मी कोणाच्या तोंडच्या शब्दावर विसंबत नाही. सफेद कोट असो नाहीतर खादी. कागद दाखवा म्हणते.

आणि तुम्ही, हे वाचणारे. तुमच्याकडे कोणी लिव्हरने गेलं असेल तर स्वतःचं आणि भावंडांचं रक्त कावीळ-बीसाठी याच आठवड्यात तपासून घ्या. घरात कोणी गरोदर असेल तर उद्या सकाळीच तिला घेऊन जा. गरज नाही, असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. तेच कागदावर लिहून मागा, खाली सही घ्या, आणि सही मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.