दोन हजार वर्षांचं टमरेल

थर्माकोलचे दाणे कितीही झटकले तरी कपड्यांना चिकटून खोलीवर येतातच! आमच्या पॅकिंगच्या कामातले किस्सेही तसेच. कुवेतला आल्यापासून माझ्याकडे ढीग जमलाय. बहुतेकांत गाढव मीच आहे, त्यामुळे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

मी शकील, आठवी नापास. मोठा भाऊ रफीक, म्हणजे आमचा भाई, दहावी पास. म्हणून तो फोरमन आणि मी हेल्पर! रुमैथियात एका बड्या माणसाच्या घरी जुन्या भांड्यांचं प्रदर्शन लागणार होतं. परदेशातून बारा पेट्या आल्या, त्या आम्ही दोघांनी उघडल्या.

चार महिन्यांपूर्वी भाई गेला. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला. मी म्हटलं, "गॅस असेल, सोडा पी."

आता तीच भांडी परत पाठवायची वेळ आली. मॅनेजर म्हणाला, "एकट्यानं नीट भरलीस तर भाईची जागा तुझी. नाहीतर दुसरा माणूस आणतो."

जागा मला नको होती. पण तिथे दुसरा कुणी उभा राहिलेला मला बघवलं नसतं.

*

भांड्यांबरोबर आयर्लंडहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, ही भांडी केल्टिक लोकांची.

मी ऐकलं, केळशी!

आम्ही हर्णैचे. केळशी म्हणजे आमचा शेजार. मी एगैलातल्या आमच्या कामगारांच्या खोलीवर जाऊन सगळ्यांना सांगून टाकलं, "आपल्या केळशीची भांडी विमानानं आलीत!" खोलीतल्या एका केळशीकरानं तर लगेच घरी फोन लावला, "माळ्यावरचं काही गेलंय का बघ जरा!"

भाईच्या कानावर गेलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "शक्या, ही दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत रे!"

मी म्हटलं, "मग केळशी काय काल झाली?"

*

त्याआधी कार्गोत एक गंमत झाली होती. कस्टमच्या साहेबांनी पेटी उघडून विचारलं, "हे कशासाठी?"

भाईचे हात कागदांत गुंतलेले. माझं तोंड मात्र रिकामं होतं. मी म्हटलं, "दारू पीने के लिए, सर!"

कुवेतमध्ये! आणि साहेबांना हिंदी छान येत होती. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

भाई मला मागे ढकलून पुढे झाला. "सर, ये पागल है. लबान पीने का है, लबान!" लबान म्हणजे इथलं ताक.

साहेबांनी वाकून भांडं नीट बघितलं. "इतना बडा?"

भाई शांतपणे म्हणाला, "सर, वो लोग बहुत लबान पीते थे."

*

मॅडम एकेका भांड्याचं इंग्रजी नाव सांगायच्या. टँकार्ड, फ्लॅगन, आणखी काय काय. भाईच्या लक्षात राहीनात आणि माझी जीभ वळेना. म्हणून भाईनं प्रत्येक पेटीत आपल्या भाषेतली चिठ्ठी टाकली. झारी, घंगाळ, कटोरा.

झारीच्या तोंडावर धातूचं छोटं बदक बसवलं होतं. ओतलं की बदक पाण्यावर पोहल्यासारखं दिसायचं, असं मॅडम म्हणाल्या. मी लगेच पाण्याची बाटली उघडली!

भाईनं बाटली हिसकावली. "दोन हजार वर्षं टिकलंय ते. तुझी एक दुपार काही त्याला झेपायची नाही!"

*

एक भांडं उभट होतं. आत लाकूड, वरून काशाचा पत्रा आणि बाजूला नक्षीदार कान. तेच ते टँकार्ड. मी बघितलं आणि ओरडलो, "भाई, हे तर टमरेल!"

भाई खो खो हसला आणि चिठ्ठीवर तेच लिहिलं.

मॅडमना तो शब्द फार आवडला. प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांपुढे त्या मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, "हे जगातलं सर्वांत सुंदर टमरेल!"

पाहुण्यांत हॉस्पिटलातल्या दोन मराठी नर्स होत्या. त्या एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसल्या. एकीला राहवलं नाही. "मॅडम, आमच्याकडे हे प्रत्येक संडासात असतं!"

मॅडम धावत माझ्याकडे आल्या. "खरंच? प्रत्येक?"

"यस मॅडम."

"केवढी श्रीमंत संस्कृती!"

*

आणि हा गेल्या आठवड्यातला. परत भरायचा दिवस.

मॅनेजर घड्याळ बघत उभा. मॅडम रजिस्टर घेऊन बसलेल्या. भाईनं दिलेली नावं त्यांना इंग्रजी नावांशेजारी लिहून ठेवायची होती. मी पेटी उघडायचो, चिठ्ठी मोठ्यानं वाचायचो, भांडं फोममध्ये बसवायचो. अकरा पेट्या झाल्या. एक ओरखडा नाही. मॅनेजरनं पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली.

बारावी पेटी एका छोट्या वाडग्याची. फोमच्या खाचेत चिठ्ठी होती. भाईचंच अक्षर, घाईतलं. सामान उघडायच्या दिवशी हातमोजे आणायला खाली जाताना ठेवून गेला असणार.

"शक्या, हात लावू नको. आलोच."

तिथे मराठी वाचणारा मी एकटाच.

मॅडमनी पेन उचललं. "याचं काय नाव ठेवलंय?"

मी म्हटलं, "आलोच."

"आ-लोच." मॅडमनी स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. "वा, गोड आहे!"

मॅनेजर म्हणाला, "खलास! यल्ला, उचल आता."

मी दोन्ही हात मागे घेतले. म्हटलं, "सर, दोन मिनिटं थांबूया."