यंत्र बंद आहे

सदाशिव पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं एक दुकान आहे. मालकांचं नाव मला वीस वर्षांत कळलेलं नाही. गिऱ्हाइकाने कार्ड पुढे केलं की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "यंत्र बंद आहे." यंत्र बंद नसतं, ते ज्या पिशवीतून आलं, अजून तिच्यातच असतं. दसऱ्याला मात्र त्यालाही झेंडूचं फूल मिळतं.

परवा मी दुकानात उभा असताना एक आजोबा धापा टाकत आले. त्यांना दम्याचा पंप हवा होता आणि खिशात फक्त कार्ड होतं.

"एटीएम चौकात आहे," मालक म्हणाले.

"अहो, तिथवर चालवणार नाही मला."

"मग रिक्षा करा."

पंप काउंटरवर होता आणि त्यावर मालकांचा पंजा. मी पाचशेची नोट ठेवली, तेव्हा पंजा उचलला गेला. आजोबांनी दुकानाच्या पायरीवर बसूनच पंप तोंडाला लावला. मालकांनी नोट उजेडात धरून नीट तपासली.

"तुमच्यासारखे मध्ये पडतात," ते मला म्हणाले, "म्हणून लोकांना शिस्त लागत नाही."

श्वास कोंडलेल्या माणसाला कसली शिस्त, असं विचारणार होतो. पण उत्तराचेही त्यांनी रोख पैसे मागितले असते.