नानांचे तीन कॅटलॉग

इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी ऑफिसातून येऊन जिना चढायला लागलो, की खालच्या मजल्यावरचे नाना दार उघडून उभे असत. "मेहुण्याशी परत बोलायला लागलोय. फोटो हलवायला येतोस का?"

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर नानांनी अख्ख्या खानदानाचे फोटो कॉम्प्युटरवर घेतले. जुने अल्बम स्कॅन केले, लोकांच्या मोबाइलमधले फोटो तर अक्षरशः वसूल केले. हजारो झाले, तेव्हा मी म्हणालो, "नाना, सगळे एकाच कॅटलॉगमध्ये ठेवा. शोधायला सोपं."

"एका पंगतीत बसत नाहीत ती माणसं. एका कॅटलॉगमध्ये काय नांदणार?"

मग त्यांनी तीन केले: 'बोलतात', 'बोलत नाहीत' आणि 'गेलेले'. तिसऱ्यावर त्यांचा विशेष जीव. "यातल्या एकानेही मला अजून उलट उत्तर दिलेलं नाही."

भांडण झालं की फोटो तिकडे, मिटलं की इकडे. दिवाळीत तर फार धावपळ. नानी म्हणायच्या, "मी आज कशात आहे ते बघूनच चहा टाकते."

'बोलत नाहीत'मध्ये कायमचा मुक्काम मात्र एकाचाच, निफाडचा धाकटा भाऊ दामू. द्राक्षबागेसाठी त्याने बांधावरची चिंच तोडली, तेव्हापासूनचा अबोला.

एका रविवारी मी तिथे बसलेलो असताना दामूकाका दारात उभे राहिले. पोरीचं लग्न ठरलं होतं. हॉलमध्ये तिचे लहानपणापासूनचे फोटो दाखवायचे होते, आणि फोटो असलेला मोबाइल विहिरीत पडला होता.

"दादा, माझ्याकडं एक बी नाय राहिला."

नानांनी कॅटलॉग उघडला. पोरीचं बारसं, शाळेचा पहिला दिवस, सायकलवरून पडून फुटलेला गुडघा, सगळं नावानिशी. दामूकाका बघतच राहिले.

"हे तर चिंचेनंतरचे. तुला कुणी दिले?"

"अबोला तुझ्याशी होता. पोरीचे फोटो लोकांकडून मागायला काय झालं?"

तेवढ्यात काकांनी वरचं नाव वाचलं. "मी 'बोलत नाहीत'मधी?"

"बोलतोस का?"

"आता बोलतोय ना."

"मग हलवावं लागेल. लय फोटो आहेत तुझे. जेवूनच जा."

जेवण झाल्यावर आम्ही हलवायला बसलो. थोड्या वेळाने नानाच कंटाळले. "टाक रे सगळे एकात. भांडतील, अजून काय करतील?"

गेल्या वर्षी नाना गेले. दशक्रियेला ठेवायला फोटो हवा होता, म्हणून मी आणि दामूकाका कॉम्प्युटरसमोर बसलो. नाना कुठे सापडेनातच. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. शेवटी एक मिळाला. कुणाच्या तरी लग्नात बोट उगारून आचाऱ्याला झापताना, तोंड उघडं.

"काका, एखादा हसतानाचा शोधू या," मी म्हणालो.

काकांनी डोळे पुसले आणि मान हलवली. "नको. हसताना ठेवला, तर लोकं विचारतील, हे कोण गेलं?"